स्पेक्ट्रमवर 'आर टेप लोडिंग एरर': माझा अनुभव

सांगलीत घरी झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के आहे, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम भरून घेणारा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक. प्रोग्रॅम भरताना पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे नीट यायचे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे सुरू झाले की मध्येच 'आर टेप लोडिंग एरर, ०:१', म्हणजे टेप नीट वाचता आली नाही असा संदेश. केबल बदलली, आवाज कमी-जास्त केला, टेप रेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटनं पुसलं. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

दोष टेपच्या हेडच्या कोनात निघाला. रेकॉर्डर आणि स्पेक्ट्रम जोडणाऱ्या केबलच्या इअर (टेपवरून वाचायची) आणि माइक (टेपवर भरायची), दोन्ही पिना काढा. कॅसेट स्पीकरवर वाजवा. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू घड्याळजीकडच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरनं अगदी किंचित, दोन्हीकडे फिरवून बघा. आवाज सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथंच थांबा. आता फक्त इअरची पिन जोडा (माइकची नकोच), ट्रेबल पूर्ण, आवाज पाऊण, आणि लोड. दुसऱ्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला कोन पुन्हा जुळवावा लागतो.