मुंगीपासून मुंजीपर्यंत : एकच कॅमेरा निवडताना

कॅमेऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि दुसरा, "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" जवळून फोटो काढायची हौस असेल तर घरून निघण्याआधी तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: टिपायची वस्तू किती मिलिमीटरची आहे? या आकड्यावर लेन्स ठरते, लेन्सवरून बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठरते आणि उरलेल्या पैशांत प्रकाशाची सोय होते. क्रम उलटा झाला की महागडी बॉडी हातात येते आणि मुंगी मात्र फोटोत ठिपक्याएवढीच राहते.

हिशेब सोपा आहे. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडलेली प्रतिमा खऱ्या वस्तूएवढी असेल तर ते वर्धन १:१, निम्मी असेल तर ०.५. सेन्सरच्या रुंदीला वर्धनाने भागलं की लेन्स जास्तीत जास्त जवळ नेल्यावर चौकटीत किती रुंदी मावेल ते कळतं. सेन्सरचे ठरलेले आकार असतात: फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मचा एपीएस-सी साधारण २३.५, कॅननचा एपीएस-सी २२.३ आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३. निकॉनच्या झेड डीएक्स १६-५० या किट (बॉडीसोबत मिळणाऱ्या) लेन्सचं कमाल वर्धन ०.२ आहे. (नावातला १६-५० सारखा आकडा म्हणजे लेन्सची मिलिमीटरमधली फोकल लांबी, लेन्स दूरचं किती जवळ आणते त्याचं माप.) म्हणजे ती लावल्यावर चौकट ११७ मिमीपेक्षा लहान होणार नाही.

आता आपल्या वस्तू या हिशेबात बसवून बघा. ताटातले मोदक, जास्वंद, हातावरची मेंदी यांना किट लेन्स पुरते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून १२० ते १५० मिमी भरतं, त्यालाही खरी मॅक्रो (१:१ पर्यंत वर्धन देणारी) लेन्स लागत नाही. नथ, जुनी नाणी, टपाल तिकिटं यांच्यासाठी ०.५ च्या आसपास वर्धन हवं. कासच्या पठारावरच्या दवबिंदू वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब सुटे दिसायला हवे असतील तर १:१. आणि ५ मिमीची मुंगी? एपीएस-सीवर १:१ ने काढली तरी ती चौकटीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात मावते. तिच्या डोळ्यापर्यंत पोचायला २:१ किंवा त्याहून जास्त लागतं.

दुकानात करायची एक चाचणी

खिशात प्लास्टिकची फूटपट्टी न्या. ती काउंटरवर आडवी ठेवा, झूम पूर्ण लांब करा, लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला फिरवा. मग फोकसला हात न लावता कॅमेराच हळूहळू पुढेमागे करा आणि आकडे स्पष्ट दिसले की फोटो घ्या. चौकटीत किती मिलिमीटर आले ते मोजा. ४७ आले आणि सेन्सर २३.५ चा असेल तर वर्धन ०.५. पट्टी विसरलात तर दहाचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिमी असतो. हीच चाचणी झूमच्या रुंद टोकालाही करा, कारण काही लेन्स तिथे जास्त जवळ जातात.

खोक्यावरच्या "मॅक्रो" शब्दावर आणि "किमान अंतर १ सेमी" या ओळीवर खरेदी करू नका. छोट्या कॅमेऱ्यांत हे १ सेमी बहुधा झूमच्या रुंद टोकाला मिळतं. वस्तू लेन्सला जवळजवळ चिकटते, लेन्सचीच सावली तिच्यावर पडते आणि किडा असेल तर उडून जातो. अदलाबदलीच्या लेन्सवर छापलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नाही. बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण दिसते, ती सेन्सरची जागा. निकॉनच्या झेड एमसी ५० मिमी मॅक्रोचं किमान अंतर १६ सेमी आहे, पण १:१ ला लेन्सपुढे मोकळी जागा उरते सुमारे साडेपाच सेंटिमीटर. झेड एमसी १०५ मध्ये तीच सव्वातेरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. नाणी, दागिने, खाद्यपदार्थ यांना ५० ते ६० मिमी चांगली. जिवंत किड्यांसाठी ९० ते १०५ मिमीच घ्या. या जादा सात-आठ सेंटिमीटरमुळे किडा बिचकत नाही आणि फ्लॅशचा प्रकाश मध्ये शिरायला वाट मिळते.

कोणत्या वाटेने जायचं

लेन्स बदलायची नसेल आणि पावसात, ओढ्यात, लहान मुलांच्या हातात कॅमेरा जाणार असेल तर ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७, किंवा जुना मिळाला तर ऑलिंपसचा टीजी-६ बघा. १५ मीटर खोल पाण्यात चालतो. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो आणि तो झूम करूनही वापरता येतो, म्हणून वरचा इशारा याला तितकासा लागू नाही. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक करणं) कॅमेऱ्यातच होतं. एलजी-१ नावाची प्रकाशाची रिंग किंवा एफडी-१ डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा) सोबत घ्या, नाहीतर इतक्या जवळ प्रकाशच पोचत नाही. उणीव सेन्सरची: अगदी लहान, १/२.३ इंची, १२ मेगापिक्सेल. मंगल कार्यालयातल्या संध्याकाळी चेहरे खरखरीत येतात आणि मागची गर्दी धूसर होत नाही. घरच्या समारंभांचे फोटो तुमच्यासाठी महत्त्वाचे असतील तर हा एकमेव कॅमेरा म्हणून घेऊ नका.

सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना आम्ही दुसरी वाट सुचवू: एपीएस-सी बॉडी, किट लेन्स, ५५-२५० सारखा टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स) आणि त्याच्या तोंडावर चिमट्याने बसणारं रेनॉक्स डीसीआर-२५० भिंग. हे भिंग +८ डायॉप्टरचं (चष्म्याच्या नंबरासारखं भिंगाच्या ताकदीचं माप) आहे. लेन्स अनंतावर फोकस असताना १००० ला ८ ने भागा: वस्तू १२५ मिमीवर स्पष्ट दिसेल. फोकल लांबीला ८ ने गुणून १००० ने भागा: २०० मिमीला वर्धन १.६. म्हणजे मॅक्रो लेन्सच्या थोड्याशा किमतीत तुम्ही १:१ च्या पलीकडे जाता. हात बसेपर्यंत हे जास्त वाटलं तर डीसीआर-१५० घ्या, ते +४.८ चं आहे. २०० मिमीला जवळपास १:१ आणि वस्तूपासून २० सेमीचं अंतर मिळतं. चिमटा ५२ ते ६७ मिमी फिल्टर व्यासावर बसतो. निकॉन १६-५० चा व्यास ४६ मिमी आहे, तिथे तो थेट बसत नाही, आणि बसवला तरी ५० मिमीला वर्धन फक्त ०.४ मिळेल. झूमच्या आखूड टोकाला कोपरे काळे पडतात, तेव्हा १०० मिमीच्या पुढेच काम करा. भिंग काढलं की तोच झूम चतुर आणि फुलपाखरांसाठी तयार असतो. कॅननची ईएफ-एस ५५-२५० एसटीएम ८५ सेंटिमीटरवरून ०.२९ वर्धन देते. बिचकणारं फुलपाखरू त्या अंतरावरून जितकं नीट मिळतं, तितकं मॅक्रो लेन्स घेऊन जवळ सरकताना मिळत नाही.

तिसरी वाट एक्स्टेन्शन ट्यूबची. बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या या नळीत काच नसते, नुसती पोकळी असते. जितके मिलिमीटर वाढवाल त्याला फोकल लांबीने भागा, तेवढं वर्धन वाढतं. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची ट्यूब म्हणजे अर्ध्याची भर. म्हणून त्या आखूड लेन्सवर उपयोगी आणि २०० मिमीवर जवळजवळ निकामी. विद्युत संपर्काच्या पितळी टाचण्या असलेल्याच घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) बदलता येत नाही.

खरी मॅक्रो लेन्स कधी? महिन्यातले तीन-चार रविवार तुम्ही याच कामात घालवणार असाल तेव्हा. एफ/२.८ ची ९० किंवा १०० मिमी लेन्स माणसांच्या चेहऱ्यांनाही सुरेख असते, त्यामुळे पैसे दोन्हीकडे वसूल होतात. जुन्या लेन्स घेताना जुळणी तपासा: निकॉनच्या जुन्या एएफ-डी प्रकारच्या मॅक्रो डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीवर किंवा (जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या) एफटीझेड अडॉप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत.

फ्लॅशचे पैसे आधीच बाजूला काढा

१:१ ला एपीएस-सीवर एफ/८ ठेवलं तर स्पष्टतेची खोली साधारण ०.६ मिमी असते. कोळ्याचे पुढचे डोळे स्पष्ट आले की पाय धूसर. खोली वाढवायला अ‍ॅपर्चर एफ/२२ केलं की सगळंच अस्पष्ट होतं, कारण या वर्धनाला खरं अ‍ॅपर्चर म्हणजे लिहिलेला आकडा गुणिले (१ + वर्धन). एफ/११ चं एफ/२२ होतं, एफ/२२ चं एफ/४४. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका. त्या अ‍ॅपर्चरला झाडीतल्या उजेडात शटरचा १/२०० सेकंदाचा वेग मिळत नाही, म्हणून फ्लॅश लागतो.

फ्लॅश शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) सरळ बसवला तर १:१ ला लेन्सच्या नळीची सावली वस्तूवर पडते. प्रकाश पुढे आणि मऊ करावा लागतो. दुधी प्लास्टिकचा ए४ कागदाएवढा तुकडा घ्या, फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकापर्यंत छपरासारखा वाकवून रबरबँडने बांधा, खालची बाजू वस्तूवर झुकू द्या. सुरुवातीला मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश १/१६ शक्तीवर. फोटो काळा आला तर १/८ करा. भुंग्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका चमकला तर डिफ्यूझर लहान पडतो आहे. तो ठिपका पसरून फिकट चौकोन झाला की प्रकाश जमला.

इथे बॉडीतली एक अडचण नीट बघून घ्या. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ च्या फ्लॅश शूला मधली टाचणी नाही, त्यामुळे साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. ईओएस आर५० वरही नेहमीच्या फ्लॅशला एडी-ई१ अडॉप्टर लागतो. स्वस्त बॉडी घेऊन पुढे फ्लॅश अडला की वाचलेले पैसे तिथेच जातात.

बॉडीत आणखी काय बघायचं? बाहेर काढून फिरणारा स्क्रीन, कारण अळंबी जमिनीवर उगवते आणि चिखलात झोपून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं रोज होत नाही. नुसता वर-खाली झुकणारा स्क्रीन कॅमेरा उभा धरला की उपयोगाचा राहत नाही. फोकस ब्रॅकेटिंग (फोकस थोडा थोडा सरकवत आपोआप अनेक फोटो काढणं) हवं: ५-६ मिमी खोलीच्या किड्याला वरच्या ०.६ च्या हिशेबाने, थोडं एकावर एक ठेवून, पंधराएक फोटो लागतात. कॅनन आर१० मध्ये ते आहे, सोनीच्या ए६७०० मध्ये आहे, ए६४०० मध्ये नाही, आणि ओएम-५ तर जोडणीही स्वतःच करतो. स्टॅबिलायझेशनवर (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीवर) फार विसंबू नका. दूरच्या फोटोत हाताचा कोन हलणं महत्त्वाचं असतं, १:१ ला मात्र हात आडवा सरकण्यानेच जास्त नुकसान होतं. कोपर गुडघ्यावर किंवा डाव्या हाताची करंगळी त्याच फांदीवर टेकवा.

रोजच्या फोटोंसाठी डोळे ओळखणारा ऑटोफोकस मुंजीतल्या बटूच्या मागे धावताना खरंच कामाला येतो. घरातल्या आणि कार्यालयातल्या काही दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे काळे पट्टे आले तर मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा.

पैशांचे पाच हिस्से केले तर दोन बॉडीला, दोन लेन्सला, एक फ्लॅश, कार्ड आणि जादा बॅटरीला. नव्या मालावर भारतातली वॉरंटी आणि अनुक्रमांक लिहिलेलं बिल घ्या. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. बॉडीचा सेन्सर तपासायला एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढा, धुळीचे डाग लगेच दिसतात. ब्लोअरने जाणारी धूळ चालेल, ओरखडे नाहीत.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर नवी लेन्सही पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरू शकते. कपाटातली चामड्याची बॅग सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. रंग बदलणारं जेल फिकं पडलं की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा भरा. आणि जुलैत आंबोलीहून भिजून आलात तर कॅमेरा आधी पंख्याखाली पुसून सुकवा, मगच डब्यात ठेवा.