शोधनिकालात जुनाच भाव दिसत असेल, तर शिळा कॅशे कसा शोधावा

मूळ नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, शोधासाठी इलॅस्टिकसर्च आणि तयार निकाल कॅशेत, म्हणजे पटकन देता यावेत म्हणून तात्पुरत्या साठ्यात, ठेवायला रेडिस, अशी रचना असलेल्या ऑनलाइन दुकानात एका साडीचा भाव १,२०० वरून ९५० रुपये केल्यावरही शोधाच्या यादीत १,२०० च दिसत राहिले, की बहुतेकांचा हात आधी रेडिसच्या ‘फ्लशऑल’ आज्ञेकडे जातो. तो आवरावा. या आज्ञेने त्या सर्व्हरवरचे सारेच पुसले जाते, ग्राहकांची लॉगिन सत्रे तिथे असतील तर तीही जातात, आणि दोष नेमका कुठे होता याचा पुरावा उरत नाही.

त्याऐवजी ती एकच नोंद धरून तिचा माग काढावा. डेटाबेसमध्ये ९५० असल्याची खात्री झाली की इलॅस्टिकसर्चमधून तोच दस्तऐवज आयडीने मागवावा आणि लगोलग त्याच इंडेक्सवर (शोधासाठी लावून ठेवलेल्या नोंदींच्या संग्रहावर) शोधही चालवून पाहावा. दोन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात, कारण आयडीने मागवलेला दस्तऐवज तत्काळ ताजा मिळतो, तर शोधाला बदल दिसण्यासाठी रिफ्रेश (नवे बदल शोधासाठी खुले करणे) व्हावा लागतो, जो मूळ सेटिंगनुसार साधारण दर सेकंदाला होतो. एवढ्या विलंबाला दोष म्हणू नये. तो चालणारच नसेल, तर नोंद लिहिताना रिफ्रेशसाठी ‘वेट फॉर’ हा पर्याय द्यावा. दोन्हीकडे जुनाच भाव आला, तर बदल इंडेक्सपर्यंत पोहोचलेलाच नाही. कोणीतरी थेट डेटाबेसवर एसक्यूएल आज्ञा चालवून एकगठ्ठा भाव बदलले आणि ॲप्लिकेशनमधील इंडेक्स करणाऱ्या कोडला त्याची वार्ताच नाही, हे याचे नेहमीचे कारण. अशा वेळी त्या नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्यात.

दोन्हीकडे नवा भाव असेल, तर संशय रेडिसवर येतो, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. निकालाच्या यादीत वस्तूंची अख्खी माहिती साठवली असेल, तर तीच साडी ‘पैठणी’, ‘लाल साडी’, ‘लग्नाची साडी’ अशा कितीतरी शोधांच्या कींमध्ये (की म्हणजे रेडिसमध्ये साठवलेली गोष्ट ज्या नावाने सापडते ते नाव) जाऊन बसते, आणि भाव बदलल्यावर त्यातल्या कोणत्या की पुसायच्या हे सांगता येत नाही. म्हणून यादीत फक्त आयडी ठेवावेत, प्रत्येक वस्तू तिच्या स्वतंत्र कीखाली ठेवावी आणि निकाल दाखवताना रेडिसच्या ‘एमगेट’ आज्ञेने सगळ्या वस्तू एकदम आणाव्यात. वस्तूची की डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यानंतरच, म्हणजे बदल कायम झाल्यावरच, पुसावी. आधी पुसली, तर मधल्या क्षणी आलेली दुसरी विनंती डेटाबेसमधला जुना भाव वाचून तोच पुन्हा कॅशेत ठेवते. भावानुसार लावलेला क्रम मात्र या उपायानेही शिळा राहतो, तेव्हा याद्यांची मुदत मिनिटभराचीच ठेवलेली बरी.

एपीआयचे, म्हणजे सर्व्हरकडून येणारे, उत्तर ताजे असूनही पडद्यावर जुना भाव दिसत असेल, तर ते उत्तर ब्राउझरने कसे साठवावे हे सांगणारा कॅशे-कंट्रोल हेडर तपासावा. त्यातील ‘नो-कॅशे’ साठवण्याला मनाई करत नाही, वापरण्यापूर्वी सर्व्हरकडून खातरजमा करायला सांगतो. साठवूच नये यासाठी ‘नो-स्टोअर’ लागतो.