भात कापलं, आता परसात वाल आणि माठ

कापलेल्या भाताची उडवी रचून झाली की आपण कोकणातली माणसं हात झटकून मोकळी होतो. परसातले पडवळ-दोडक्याचे सुकलेले वेल ओढून काढायचे आणि जमीन थेट मृगापर्यंत उघडी तापत ठेवायची. सुमारे 3,000 मिलिमीटर पावसाने जांभ्या मातीचा कस आधीच धुऊन नेलेला असतो, त्यावर पुन्हा सहा महिन्यांचं ऊन. त्यापेक्षा ओल आहे तोवर अर्धं परस कडधान्याला द्या, अर्धं पालेभाजीला.

आधी ओल बघा. मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर फुटला, तर लगेच पेरा. बोटाला चिकटत असेल तर चार दिवस थांबा, गोळाच होत नसेल तर आदल्या दिवशी पाणी द्या.

कडधान्यात कुळीथ फोकून टाका, वाल वितीवितीवर टोका. बियाण्याला किराणा दुकानातले अख्खे वालही चालतात, पण आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. आठांना मोड आले तर पेरायला हरकत नाही. त्या जागेत पूर्वी कधीच वाल नसेल, तर ज्या शेतात गेल्या वर्षी होता तिथली दोन ओंजळी माती आणून मिसळा. मुळांवर गाठी धरणारे जिवाणू त्या मातीतून येतात. महिन्या-सव्वा महिन्याने एक रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर हवेतला नत्र धरायचं काम चालू आहे.

पालेभाजीचा वाफा मीटरभर रुंद करा, म्हणजे दोन्हीकडून मधोमध हात पोचतो. चौरस मीटरला घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर चुलीची राख घाला. आपली माती आंबट, तिला राख मानवते. माठाचं बी फार बारीक, ते सुक्या वाळूत मिसळून टाका. धणे रगडून दोन फाका करा. वर पेंढा पसरा, कोंब दिसताच काढा. पाणी झारीने, सकाळीच. संध्याकाळी पानं भिजवली आणि वर रात्रभर दव पडलं की रोग आलाच.

मेथी मात्र दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरा. पहिल्या वर्षी मी सगळी एकदम टाकली. आठवडाभर घरी मेथी, मग शेजारी मेथी, शेवटी गोठ्यात मेथी. माठ महिन्याभरात तयार होतो. उपटू नका, चार बोटं ठेवून खुडा, पुन्हा फुटतो.

नुसती गॅलरी असेल त्यांनी अलिबागकडच्या समुद्रमेथीची युक्ती करावी: पसरट भांड्यात तीन बोटं वाळू, त्यावर दाटीने मेथीदाणे. साधारण दोन आठवड्यांत बोटभर जुडी मुळांसकट उपटायची. किनाऱ्यावरची खारी वाळू मात्र नको.

भात निघालं की गुरं मोकाट सुटतात, म्हणून पेरणीच्या आधी वई, म्हणजे कुंपण, घाला. हे मी शेवटी सांगतोय खरं, पण करायचं सगळ्यांत आधी. वालाच्या शेंड्यावर मावा दिसला तर पहाटे, पानावर दव असताना राख उधळा, चिकटून बसते. ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर राखही नको, ते मावा खातात.

आता जिवावर येणारी गोष्ट. शेंगा भरल्या की झाडाचा बराचसा नत्र दाण्यात जातो, मातीला थोडाच उरतो. म्हणून निम्मे कुळीथ-वाल ऐन फुलोऱ्यात विळ्याने जमिनीलगत कापा. मुळं तशीच राहू द्या, पाला तिथेच पसरून वर पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, टाका. तो पातेरा जाळू नका. उरलेल्या निम्म्या वालाच्या शेंगा पोपटीला, म्हणजे मडक्यात घालून विस्तवात भाजायला. त्या मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला शोधायला तेवढं बांधाबांधाने फिरावं लागेल, तो कुणी परसात लावत नाही.