नैराश्यावरची गोळी: बरं वाटलं म्हणून बंद केली, इथेच चुकतं

“दहा दिवस झाले, फरक काही नाही. उलट मळमळच वाढली.” असं म्हणून बरेच जण पहिल्याच पाकिटावर थांबतात. अडचण अशी की या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेचा बिघाड हे सुरुवातीचे. बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत ओसरतात. मन थोडं हलकं व्हायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला ६ ते ८ आठवडेही लागू शकतात. गोळी जेवणानंतर घेऊ का, झोप उडते तर सकाळी घेऊ का, एवढं डॉक्टरांना विचारलं तरी पुष्कळदा निभावतं.

दुसरी चूक याच्या उलट, आणि माझ्या मते जास्त महाग पडणारी. बरं वाटायला लागलं की गोळी बंद! बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणूनही असू शकतं. म्हणून लक्षणं गेल्यावरही साधारण किमान ६ महिने ती चालू ठेवायला सांगतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे प्रकार होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही यातली औषधं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे जास्त. फ्लुओक्सेटिन रेंगाळतं, म्हणून कमी. लोक याला ‘सवय लागली’ म्हणतात. पण गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही; शरीर फक्त जुळवून घेत असतं. डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे.

एखादा डोस चुकला तर? लवकर आठवला तर घ्या, पुढच्याची वेळ होत आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नकोत.

सर्दी-खोकल्याचं औषध घेताना या गोळीचा उल्लेख करायचं हमखास राहतं. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, वेदनाशामक ट्रामाडॉल, ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट यांच्या जोडीने शरीरातलं सेरोटोनिन या रसायनाचं काम धोकादायक वाढू शकतं. थरथर, घाम, ताप, प्रचंड अस्वस्थता दिसली तर थेट रुग्णालय गाठा. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, तेही विचारूनच. दारू टाळलेली बरी.

घरातल्या दुसऱ्याची गोळी ‘मलाही तसंच होतंय’ म्हणून घेऊ नका. बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी अतिउत्साह) असेल तर या गोळीने मन उसळून उन्मादाकडे जाऊ शकतं.

राहता राहिली तरुण मुलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरांसाठी ठळक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला: सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढू शकतात. हा बदल बहुधा घरच्यांना आधी दिसतो. एकाएकी बेचैनी, झोप उडणं, मरणाची भाषा यांपैकी काही आढळलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा; आणि जिवाचं काही करून घेईल असं वाटलं तर त्याला एकटं न सोडता तातडीच्या विभागात न्या.