मिनिएचरच्या फोटोसाठी बॅकड्रॉप कसा निवडायचा

मिनी, म्हणजे गेममधली हाताने रंगवायची छोटीशी मूर्ती, रंगवून झाली की लगेच फोटो काढायची घाई होते, मग टेबलावर मागे जे असेल ते, रंगाच्या बाटल्या, ब्रशचा ग्लास, अर्धी भिंत, सगळ्यासकट फोटो निघतो आणि हातात एवढी भारी दिसणारी मिनी फोटोत एकदम फिकी वाटते. अशा वेळी लोक कॅमेऱ्याला नाहीतर फोनला दोष देतात, पण नव्वद टक्के वेळा आधी बॅकड्रॉप, म्हणजे मागे लावायचा कागद, बदलून बघावा. आणि तो कागद आवडीच्या रंगावरून निवडायचा नसतो. मिनी किती डार्क आहे आणि लाईट मागच्या कागदापर्यंत किती पोचतोय, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

एकच कागद घ्यायचा असेल तर डोळे झाकून मिडियम ग्रे घ्या, मॅट आणि जाडसर. ग्रे का, तर कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर समोरचं दृश्य सरासरी मधल्या ग्रेइतकं उजळ आहे असं धरून चालतं, १८ टक्के ग्रे म्हणतात ते हेच. आता मागे पांढराशुभ्र कागद लावला की फ्रेमचा मोठा भाग पांढरा होतो, कॅमेऱ्याला वाटतं इथे उजेड फार झाला, तो फोटो डार्क करून टाकतो, मग कागद मळकट आणि मिनी काळपट. काळ्या कागदावर बरोब्बर उलटं होतं, कॅमेरा फोटो उजळवायला जातो आणि तुम्ही जीव तोडून मारलेले एज हायलाईट, म्हणजे कडांवरच्या उजळ रेघा, आणि त्याखालचा रंगाचा थर, दोन्ही जळून एकच पांढरा पट्टा दिसतो. पांढरा किंवा काळा वापरायचाच असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा डार्क करायची सेटिंग, हाताने द्या, पांढऱ्याला प्लस एकच्या आसपास, काळ्याला मायनस एक, मग बघून कमीजास्त करा. फोनवर मिनीवर टॅप करून ब्राइटनेसची पट्टी वर-खाली सरकवली तरी काम होतं. ग्रेवर ही कटकट जवळपास नसतेच.

आता खरी गंमत. तोच एक ग्रे कागद तुम्हाला मिडियम, डार्क आणि जवळजवळ काळा, तिन्ही दिसू शकतो, फक्त मिनी आणि कागदामधलं अंतर बदलायचं. लाईट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे समजा छोटा दिवा मिनीच्या पुढे ३० सेंमीवर आहे आणि कागद मिनीच्या मागे अजून ३० सेंमीवर, तर कागदावर पोचणारा उजेड मिनीवरच्या उजेडाच्या पाव भागच असतो, दोन स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). कागद मिनीला चिकटून ठेवला तर दोघांवर सारखाच उजेड आणि वर मिनीची सावली मागे, ती फारच वाईट दिसते. तेव्हा नवीन कागद आणायच्या आधी आहे तोच मागे सरकवून बघा. लांब ठेवल्याचा दुसरा फायदा असा की कागदाचे तंतू, डाग, खरखरीतपणा सगळं आउट ऑफ फोकस जातं.

ग्रेडियंट हवा असेल, म्हणजे खाली उजळ आणि वर जाता जाता डार्क, तर छापलेलाच पाहिजे असं काही नाही. दिवा आणि कागदाच्या वरच्या भागाच्या मध्ये एक पुठ्ठा आडवा धरा, त्याची सावली कागदाच्या वरच्या अर्ध्यावर पडेल अशा बेताने. पुठ्ठा दिव्याच्या जवळ नेला की सावलीची कड मऊ होते, कागदाच्या जवळ नेला की कडक. हळूहळू पुढे-मागे करत स्क्रीनवर बघत राहा, एका जागी ग्रेडियंट असा काही मऊ येतो की छापील कागद त्यापुढे काहीच नाही. छापील घ्यायचाच असेल तर मॅटवर छापलेला घ्या, ग्लॉसीवर दिव्याचा पांढरा ठिपका चमकतो आणि तो एडिटिंगमध्ये काढता काढता नाकी नऊ येतात. शिवाय स्वस्तातल्या प्रिंटमध्ये रंग सलग उतरत नाही, पट्टे पट्टे दिसतात. आणि मिनीचं हेल्मेट काळं असेल तर वरचा डार्क भाग त्याला गिळून टाकतो, तेव्हा सरळ कागद उलटा लावा, कोणी अडवलंय.

कागद लावताना मागच्या बाजूला खोक्याला टेपने चिकटवा आणि खाली मिनीपर्यंत मऊ वळणात येऊ द्या, घडी नको, घडी पडली की मिनीच्या मागे आडवी रेघ आलीच. २८ किंवा ३२ मिमीच्या एका मिनीला ए४ पुरतो, पण वर सांगितलं तसं अंतर ठेवायचं असेल तर ए३ घ्या, नाहीतर फ्रेमच्या कोपऱ्यात टेबल डोकावतं.

कागद बरोबर आहे का हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघणे. रंग गेले की लगेच कळतं, खांद्याची कड, झग्याचा काठ, भाल्याचं टोक मागच्या कागदात मिसळतंय का ते. मिसळत असेल तर कागद नाहीतर अंतर बदला. बेसची काळी कडसुद्धा बघा, काळ्यावर ती गायब होते आणि मिनी हवेत तरंगल्यासारखी वाटते. पांढरे कपडे, हाडं, सांगाडे वगैरेला थोडा डार्क निळसर ग्रे छान जातो, तर काळ्या चिलखताला फिक्का ग्रे.

रंगीत कागदाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, भडक नको. लाल कार्डशीटवर मिनी ठेवली की खालून लाल उजेड उडून झग्याच्या आतल्या बाजूला आणि हनुवटीखाली लागतो, तुम्ही तिथे निळी शेड दिलेली असते आणि फोटोत ती जांभळट दिसते. वर ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटा आपोआप दुरुस्त करायची सोय, तो लाल मारायला जातो आणि बाकी सगळं निळसर-हिरवट करून ठेवतो. फिके, मळकट रंग चालतात. हिरव्या कातडीच्या ऑर्क राक्षसामागे तपकिरी छटेचा ग्रे, लाल चिलखतामागे निळसर किंवा हिरवट ग्रे, पण उघड्या त्वचेमागे पिवळा-हिरवा ठेवलात तर माणूस आजारी दिसतो. ग्रे म्हणून मिळणारे बरेच कागदही मुळात निळसर असतात, त्यावर मिनी पिवळट आली तर आश्चर्य वाटायला नको, व्हाईट बॅलन्स हाताने ठेवा.

मेटॅलिक रंगांचं वेगळं आहे. त्यातले चमकदार कण आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतात, चारही बाजूंनी काळं असेल तर तलवारही काळीच दिसणार. अशा वेळी मागे डार्क ठेवा हवं तर, पण फ्रेमच्या बाहेर बाजूला एक पांढरं कार्ड उभं करा, पात्यावर लगेच उजळ रेघ येते. एनएमएम, म्हणजे मेटॅलिक न वापरता साध्या रंगांनीच धातूचा भास, केलं असेल तर हा प्रश्न नाही, तिथली चमक तुम्हीच रंगवलेली असते. ओएसएल, म्हणजे कंदिलाचा किंवा जादूचा उजेड रंगवलेली मिनी मात्र डार्क ग्रेवरच खुलते. अगदी काळंकुट्टच हवं तर काळा कागद सोडा, दिव्याखाली तो करडा होतो, काळं मखमल घ्या, त्याची लव उजेड खाऊन टाकते. फक्त त्यावर धूळ आणि दोरे इतके बसतात की आधी चिकटपट्टीने टिपून घ्यावंच लागतं.

निसर्गचित्र छापलेला बॅकड्रॉप पूर्ण आर्मीच्या ग्रुप फोटोला मस्त, एकट्या मिनीला मी लावत नाही, नजर मागच्या डोंगराकडे जाते. लावायचा असेल तर कॅमेरा मिनीच्या डोळ्यांच्या उंचीवर घ्या आणि चित्रातलं क्षितिजही साधारण त्याच रेषेत येऊ द्या, नाहीतर ते खेळणंच वाटतं. चित्रात ऊन डावीकडून असेल तर दिवाही डावीकडेच. टॅबलेट किंवा मॉनिटरवर चित्र लावून मागे ठेवायची आयडिया सुचतेच सगळ्यांना, पण स्क्रीन फोकसमध्ये आली की पिक्सेलची जाळी उमटते, तेव्हा ती बरीच मागे ठेवा आणि ब्राइटनेस खाली आणा.

शेवटचं, फोन मिनीच्या नाकात खुपसू नका. मागे सरका आणि २एक्स झूम वापरा, आकार बिघडत नाही आणि मागचा कागदही कमी लागतो. मागचं धूसर करायला पोर्ट्रेट मोड लावू नका, त्याला बारीक वस्तू नीट कळत नाहीत, भाल्याचं टोक आणि अँटेना तो बिनधास्त कापून टाकतो, अंतर ठेवून जे धूसर होतं तेवढं पुरे. आणि काम झालं की कागद सैल गुंडाळी करून ठेवा, घडी घालून नाही.