आधी दार, मग बाकीचं

येत्या शनिवारी आमच्याकडे पाच वर्षांचा एक कुत्रा कायमचा राहायला येतोय. सहा वर्षांपूर्वी आमची कुत्री चिंगी आली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि माझी तयारी बघून कोणीही कौतुक केलं असतं. गादी, दोन भांडी, तीन प्रकारची खेळणी, केस विंचरायचा ब्रश, सगळं हजर होतं. चिंगी घरात आली, सोफ्यामागे गेली, आणि मी गाडीतलं खाद्याचं पोतं आणायला वळले. दार नुसतं लोटलेलं होतं. परत आले तेव्हा ते उघडं होतं आणि सोफ्यामागे कोणी नव्हतं. ती सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या. म्हणून मोठं झालेलं कुत्रं घरी आणणाऱ्यांसाठीची ही यादी गादीपासून सुरू होत नाही, दारापासून होते.

आपण समजतो की आपण त्याला घरी आणलं. त्याच्या लेखी मात्र ते घर नसतं, अनोळखी वासांची आणि अनोळखी माणसांची एक जागा असते. पिल्लू घाबरलं की पायात घुटमळतं. मोठं झालेलं कुत्रं घाबरलं की बाहेर पडायची वाट शोधतं, आणि त्याला ती आपल्याआधी सापडते. तेव्हा कुत्रं आणायच्या आदल्या आठवड्यात स्वतः गुडघ्यांवर बसून घर बघा. कडी नीट बसते का, फाटकाखाली किती फट आहे, गॅलरीच्या गजांतून डोकं जातं का, जाळी नुसती टेकवलेली आहे की पक्की आहे. मग एकच नियम: रस्ता आणि कुत्रं यांच्यामध्ये कायम दोन अडथळे हवेत. मुख्य दाराच्या आत लहान मुलांसाठी लावतात तसं आडवं फाटक लावा, किंवा कुत्रं आतल्या खोलीत बंद केल्याशिवाय मुख्य दार उघडायचंच नाही असं ठरवा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. एकदा सांगून भागत नाही. दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा, कारण बेल वाजली की माणूस विचार न करता उठतो. सामान पोचवणारा, पेपरवाला, शेजारच्या काकू, यांच्यापैकी कोणालाच तुमच्या नियमाची कल्पना नसते.

पट्ट्याचंही तेच. गळ्यातला पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं मावावीत, त्याहून सैल नको. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरकतं आणि डोकं खाली घालतं. मग साधा पट्टा कानांवरून अलगद निघून येतो आणि आपण हातात रिकामी दोरी धरून उभे राहतो. ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा यासाठी चांगला. त्याच्या जोडीला अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घाला आणि दोन दोऱ्या लावा, एक पट्ट्याला, एक हार्नेसला, आणि त्यातली एक स्वतःच्या कमरेला बांधा. लोकांना हे अति वाटेल. वाटू दे. गाडीचं दारसुद्धा दारच असतं: दोरी हातात आल्याशिवाय ते उघडू नका. आपोआप गुंडाळली जाणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची दोरी मात्र नको. मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि ते आणखी जोरात पळतं.

बिल्ला निघायच्या आधीच गळ्यात हवा, त्यावर तुमचा चालू फोन नंबर. ‘घरी गेल्यावर घालू’ म्हणणाऱ्यांत मी होते. मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीत नाव-पत्ता त्याच दिवशी बदलून घ्या. चिप म्हणजे कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो, बाकी काही नाही. कुत्रं कुठे आहे ते चिप सांगत नाही. कोणीतरी त्याला धरून वाचकयंत्राखाली आणलं तरच तो क्रमांक दिसतो, आणि नोंदीत जुन्याच मालकाचा नंबर असेल तर फोन तिकडे जातो.

भांडी, गादी: आणा. गादी येण्याजाण्याच्या वाटेत नको, पाठीला भिंत येईल अशा कोपऱ्यात हवी.

खाणं पहिला आठवडाभर जे चालू होतं तेच. तुम्हाला ते कितीही निकृष्ट वाटत असलं तरी तेच. नंतर ७ ते १० दिवसांत थोडं थोडं करून नवीन मिसळत जा, नाहीतर जुलाब होतील, आणि घाबरलेल्या कुत्र्याचे जुलाब नव्या घरात कोणालाच नको असतात. पहिल्या दिवशी जेवलं नाही तर पाठीमागे लागू नका. दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही किंवा पाणीही पीत नसेल तर मात्र थेट पशुवैद्य. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं च्युइंगगम आणि माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या वर उचलून ठेवा, हे सगळं कुत्र्यांना विषारी आहे. लसीकरणाचे कागद मागून घ्या. रेबीजची लस, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध शेवटचं कधी दिलं त्या तारखा लिहून घ्या, आणि पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून आणा.

कुत्रं दत्तक देणाऱ्या संस्थेतून निघताना त्याच्या अंगाखालचं एखादं फडकं मागा आणि ते धुऊ नका. आईने चिंगीचं फडकं वास येतो म्हणून बादलीत टाकलं होतं. मी ते ओलं होण्याआधी काढलं ही त्या दोन दिवसांतली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट. ते फडकं बाहेर जिन्याखाली अंथरलं, आणि दुसऱ्या रात्रीच्या शेवटी ती त्यावरच झोपलेली सापडली. कुत्रं पळालंच तर त्याच्या मागे धावू नका, हाका मारू नका. दिसलं तर आडवं तोंड करून खाली बसा, खाऊ जमिनीवर टाका, वाट बघा. पण ही वेळ येऊच नये, म्हणून दार.

पहिला दिवस अगदी कंटाळवाणा जाऊ द्या. घरात न्यायच्या आधी बाहेर दोरीवर फिरवून शू होऊ द्या, मग एकच खोली दाखवा. अंघोळ नको. पाहुणे नकोत. फोटोसाठी मिठी तर मुळीच नको. त्याच्यावर वाकू नका, टक लावू नका, शेजारी बाजूला तोंड करून बसा आणि तुमचं काहीतरी वाचत राहा. भूक किंवा झोप नसताना ओठ चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम थिजणं, याचा अर्थ ‘पुरे’. गुरगुरलं तर ओरडू नका. ते तुम्हाला बोलून दाखवतंय. गुरगुरण्याबद्दल शिक्षा मिळालेलं कुत्रं पुढच्या वेळी न बोलता चावतं. मुलांना सांगा: झोपलेल्याला हात नाही, जेवणाऱ्याला हात नाही.

घरात आधीचं कुत्रं असेल, जशी आता आमची चिंगी, तर पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी. दोघं दोन माणसांच्या हातात, मधे बरंच अंतर ठेवून एकाच दिशेने चालवायची आणि अंतर हळूहळू कमी करायचं. भांडी वेगळी, जागा वेगळ्या, हाडं-खेळणी काही दिवस उचलून ठेवलेली.

घरात शू केली तर गप्प पुसा. अमोनिया असलेला क्लीनर नको, त्याच्या वासाने ते तिथेच परत करतं. वास मुळापासून घालवणारा एन्झाइमवाला क्लीनर आणा. उठल्यावर, जेवल्यावर, झोपायच्या आधी बाहेर न्या, जमेल तितकं एकाच जागी.

एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यातच सुरू करा, अर्ध्या मिनिटापासून. दहा दिवस रजा काढून चोवीस तास अंगाला चिकटून राहायचं आणि अकराव्या दिवशी आठ तास गायब व्हायचं, हे प्रेम नव्हे, हा छळ आहे. अर्धं मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. आणि जाताना-येताना दार कसं उघडायचं ते वर लिहिलंय, परत वाचा.

३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळलेला, तीन महिन्यांत रुळलेलं. ठोकताळाच आहे, वेळापत्रक नाही. चिंगीला सात महिने लागले. खरा धोका तिसऱ्या आठवड्यात असतो, कारण तेव्हा कुत्रं नाही तर आपण निवांत होतो. ‘आता रुळली’ म्हणून माणसं दोरी सोडतात. सोडू नका. मोकळ्या जागी १० मीटरची लांब दोरी लावून हाकेला येणं शिकवा, प्रत्येक वेळी खाऊ द्या. आतलं आडवं फाटकही तिसऱ्या आठवड्यात काढायचं नाही.

पुढचं थोडक्यात, कारण मला अजून सामान आवरायचंय. प्रशिक्षण: छोटं, रोज. नवीन माणसं: एकेक करून. दुसऱ्या महिन्यात नवेच हट्ट दिसले तर दचकू नका, आधी ते भीतीने दाबलेले होते. चावणं किंवा एकटेपणाचा आकांत वाढत असेल तर जाणकाराला बोलवा, मारझोड करणाऱ्याला नव्हे.

आमच्या दाराची कडी गेल्या पावसाळ्यापासून नीट बसत नाही. सुतार शुक्रवारी येतो म्हणालाय. तो शुक्रवारी आला नाही तर कुत्रा शनिवारी येणार नाही, असं मी संस्थेला आत्ताच कळवून ठेवलंय.