बेल वाजायच्या आधी कुत्रं आतल्या खोलीत

मी टपाल खात्यात पोस्टमन होतो. कोल्हापुरात ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी अशा बंगल्यांच्या भागात माझी नोकरी गेली. आता पाचगावात राहतो आणि घरात बिजली आहे. कारवानी कुत्री, उंच, सडपातळ आणि कानानं फार तिखट. गेटच्या बाहेर उभं राहणाऱ्याचं काळीज मला माहीत आहे आणि आतल्या जनावराचा जीवही. हल्ली आमच्या गल्लीत दिवसभर कुणी ना कुणी पार्सल घेऊन येतं. त्यात कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरी करणारी पोरं आहेत, पोरीही आहेत. त्यांच्यासाठी कुत्रं पाळणाऱ्या घरानं काय काय करायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी एक सवय मोडा. गेट उघडायचं, कुत्र्याचा पट्टा एका हातात धरायचा आणि म्हणायचं, ‘या हो, काही करत नाही.’ एका हातात मोबाईल, ओटीपी सांगायचा आहे, पार्सल घ्यायचं आहे, आणि दुसऱ्या हातात 30 किलोच्या वरचा जर्मन शेफर्ड. त्यानं एक हिसका दिला की पट्टा सुटतो, नाहीतर माणूस ओढला जातो. शिवाय तुम्ही पट्टा आवळून धरलात की कुत्र्याला वाटतं, मालकालाही या माणसाची भीती वाटतेय. नियम एकच ठेवा: कुत्रं आणि आलेला माणूस यांच्यामध्ये एक बंद, कडी लावलेलं दार हवं, आणि ते गेट उघडायच्या आधी लागलेलं हवं. घरातल्या लहान पोरांनाही हेच शिकवा. बेल वाजली की धावत जाऊन दार उघडतात ती पोरंच, आणि त्यांच्या पायांतून कुत्रं बाहेर सटकतं.

‘आमचं फक्त भुंकतं, कधी चावलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी जरा कुत्र्याच्या बाजूनं विचार करावा. रोज एक माणूस गेटवर येतो. कुत्रं भुंकतं. माणूस निघून जातो. तो जाणारच होता, त्याचं काम झालेलं असतं. पण कुत्र्याच्या हिशेबात त्यानंच माणसाला हाकललेलं असतं. हे रोज घडतं, दिवसातून चार वेळा घडतं, आणि दर वेळी कुत्रं जिंकतं. मग एखाद्या दिवशी एखादा माणूस जात नाही. माझ्या वेळी रजिस्टरची सही घ्यायला थांबावं लागायचं, आता पोरं ओटीपीसाठी थांबतात. भुंकूनही माणूस हलत नाही म्हटल्यावर कुत्रं पुढची पायरी चढतं. म्हणून मी सांगतो, कुत्र्याला दिवसभर गेटशी मोकळं सोडून भुंकू देऊ नका. राखण होते असं वाटतं, पण त्याचा चावण्याचा सरावच चाललेला असतो. साखळीनं गेटजवळ बांधणं त्याहून वाईट. बांधलेल्या कुत्र्याला मागं सरकायला जागा नसते, ते आणखी चिडतं.

गेट एकदा बाहेरून बघा, म्हणजे रस्त्यावर उभं राहून. बेल कुठं आहे? बऱ्याच बंगल्यांत ती आतल्या दाराशी असते. म्हणजे बेल वाजवायला माणसाला कुत्र्याच्या अंगणातूनच जावं लागतं. बेल कंपाऊंडच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला हवी. टपालपेटीचं तोंड बाहेर हवं. गेटच्या गजांमधून कुत्र्याचं तोंड बाहेर येतं का, तेही बघा. माझ्या बीटवर गजांतून हात घालून पत्र टाकायची वेळ यायची. ज्या गेटला खालून अर्ध्यापर्यंत पत्रा ठोकलेला असायचा, त्या घराला मी मनातल्या मनात दुवा द्यायचो. कडी अशी हवी की कुत्र्याला नाकानं उचलता येणार नाही. हुशार कुत्री ते शिकतात. पार्सल ठेवायला गेटच्या बाहेरच्या बाजूला एक हूक किंवा झाकणाची पेटी बसवा. आपल्या पेठांतून अजून वरच्या मजल्यावरून दोरीनं पिशवी खाली सोडतात, ती पद्धत फार चांगली आहे.

‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी लावाच, पण ती वाचता येईल अशी. बोगनवेलीच्या आड गेलेली, रंग उडालेली पाटी कुणाला दिसत नाही. आणि नुसतं सावध म्हणून काय करायचं, हेही लिहा: ‘आत येऊ नका. बेल वाजवा. गेटबाहेर थांबा. आम्ही येतो.’ शेजारी कुत्र्याचं चित्र काढा, कारण येणाऱ्या प्रत्येकाला मराठी वाचता येतंच असं नाही. पाटी लावली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं मात्र धरू नका.

ऑर्डर देताना ॲपमध्ये सूचना लिहायची जागा असते. तिथं ‘घरात कुत्रं आहे, गेटबाहेरून फोन करा’ एवढं लिहून ठेवा. पोरगं कुठवर आलं तेही नकाशावर दिसतं. ते सायबर चौकात दिसलं की मी बिजलीला आत घेतो. फोन आला की लगेच उचला. पावसात उभ्या राहिलेल्या माणसाला ताटकळत ठेवलं की तो शेवटी गेट उघडून आत येणारच. आणि आपल्या जून-जुलैच्या पावसात हेल्मेट, रेनकोट, पाठीवर मोठी चौकोनी बॅग अशा अवतारात ओळखीचं माणूसही कुत्र्याला परकं वाटतं. ओल्या फरशीवर नुसता दचकून पाय घसरला तरी हात मोडतो. कुत्र्याचा दात लागला नाही म्हणून ती इजा आपल्यामुळं झाली नाही, असं नाही.

सिलिंडरवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला गेटवर थांबवून चालत नाही, स्वयंपाकघरापर्यंत यावं लागतं. गॅस 14.2 किलोचा, पण लोखंडासकट ते ओझं 30 किलोच्या घरात जातं. खांद्यावर तेवढं वजन असलेला माणूस पळू शकत नाही, हात आडवा घालू शकत नाही. त्याच्यासाठी कुत्रं कोंडायची खोली आधीच ठरवा. तिची कडी पक्की हवी. नुसतं लोटलेलं बाथरूमचं दार चालत नाही. तो गेटबाहेर पडून गेट लागेपर्यंत कुत्रं सोडू नका.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लिफ्ट सांभाळा. दार उघडतं आणि समोरासमोर गाठ पडते. पट्टा आखूड धरा, एका बाजूला व्हा, डिलिव्हरीवाल्याला आधी जाऊ द्या. त्याच्या बॅगेत तांबडा-पांढरा रस्सा असला तर कुत्रं त्याच्याकडं झेपावणारच. तुम्ही पुढच्या लिफ्टनं जा.

गल्लीतल्या कुत्र्यांना जे आपुलकीनं खायला घालतात, त्यांनी ते स्वतःच्या किंवा कुणाच्या गेटसमोर घालू नये. खाण्याची जागा कुत्री आपली मानतात आणि तिथं गाडी थांबवणाऱ्यावर धावतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खायला घालायची जागा येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर असावी असं म्हटलंय.

आता शिकवण्याचं. बिजली बेल वाजली की मागच्या खोलीतल्या पोत्यावर जाऊन बसते. आधी बेल नाहीच: पोत्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा, ती तिथं गेली की शाबासकी. मग मोबाईलवर बेलचा आवाज बारीक लावून तेच. मग शेजारच्या पोराला खरी बेल वाजवायला सांगायची. शेवटी त्यालाच हेल्मेट, रेनकोट घालून बॅग अडकवून उभं करायचं, आणि हे सगळं ती आत असताना, दार लावून. रोज थोडा वेळ पुरतो. भुंकलं म्हणून मारू नका. मग परका माणूस आला की मार बसतो, एवढंच ते शिकतं. सकाळी त्याला भरपूर फिरवा. दमलेलं कुत्रं गेटकडं कमी धावतं. पण शिकलेल्या कुत्र्यासाठीही दाराची कडी लावायचीच.

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं प्रेमळ आहे, हा समज काढून टाका. अंग ताठ, नजर एका जागी खिळलेली, शेपूट उंच आणि ताठपणे हलणारी, हे चावण्याच्या आधीचं रूप असू शकतं. कुत्रं सुटलंच तर माणसाला ओरडून सांगा: ‘पळू नका, जागेवर थांबा, बॅग पुढं धरा.’ पळणाऱ्याच्या मागं ते हमखास लागतं. तुम्हीही धावू नका, शांतपणे जाऊन कुत्र्याला धरा.

रेबीजची लस दरवर्षी टोचा आणि कार्ड हाताशी ठेवा.

आणि चावलंच तर? ज्याला चावलं त्याला तुमच्याच नळाखाली घ्या. जखम साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट पट्टीही बांधू नका. मग स्वतःच्या गाडीवरून त्याला सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, न्या, लसीचं कार्ड बरोबर घ्या. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाची लस टाळायची नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. कुत्रं पुढचे 10 दिवस घरात नजरेखाली ठेवा. रेबीज एकदा झाला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यातलं काही उद्यावर टाकू नका.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोलिसांपर्यंत जायची वाट बघू नका. त्या पोराचा त्या दिवसाचा रोज बुडतो, पुढच्या डोसांच्या दिवशीही बुडतो. तो तुम्ही द्या, त्यानं मागायच्या आधी. त्याचा नंबर घेऊन ठेवा. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरून पुढचे डोस साधारण 3, 7 आणि 28 व्या दिवशी येतात. दंडाच्या स्नायूत सुई देतात तिथं 14 व्या दिवशीही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखा तुमच्या घरच्या कॅलेंडरवर मांडा आणि आदल्या संध्याकाळी त्याला फोन करा. जखम सुकली की पोरं शेवटचा डोस सोडून देतात.